लग्नाचा पुरावा बाईनेच द्यायचा काय?

इतकी वर्षे एकत्र राहिले म्हणजे कायद्यानेच नवराबायको झाले, ही समजूत छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यातील कामगार वस्त्यांपासून कन्नड-पैठणच्या वाड्यातांड्यांपर्यंत सर्वत्र आढळते. कोणी सात वर्षे सांगतो, कोणी बारा. तिच्याच जोडीला दुसरी समजूत आहे: पटेनासे झाले की नोटरी गाठावा, मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहावी, चार साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, की दोघे मोकळे. या दोन्ही समजुती खोट्या आहेत. आणि त्यांची किंमत जवळजवळ नेहमी बाईलाच मोजावी लागते.

वर्षे मोजून विवाह ठरवणारा कायदा भारतात नाही. अमेरिकेतील टेक्सास, कोलोरॅडो अशा मोजक्या राज्यांत विधीविना, परस्परसंमती आणि लोकांत पतिपत्नी म्हणून वावर एवढ्यावर विवाह सिद्ध होऊ शकतो. पण तेथेही तो मोडायचा तर न्यायालयातून रीतसर घटस्फोटच घ्यावा लागतो. भारतीय कायदा देतो ते केवळ एक गृहीतक. स्त्रीपुरुष दीर्घकाळ पतिपत्नी म्हणून नांदले असतील तर त्यांचा विवाह झाला होता असे न्यायालय मानू शकते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे पन्नास वर्षांच्या सहजीवनाला हा आधार दिला. तथापि हे गृहीतक पुराव्याने खोडता येते, आणि पहिली बायको हयात असल्याचे सिद्ध झाले की ते कोसळते.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले हे समजण्यासाठी महाराष्ट्रातून गेलेले दोन खटले शेजारी ठेवावेत. १९६५ च्या खटल्यात पहिली पत्नी असताना एका पुरुषाने गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले होते. होम नाही, सप्तपदी नाही, आणि त्यांवाचून विवाह पूर्ण होतो अशी रूढी सिद्ध झाली नाही. म्हणून हे लग्नच नव्हे, आणि लग्न नाही म्हणून द्विभार्येचा गुन्हाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १९८८ च्या खटल्यात उलट स्थिती होती. विधी यथासांग झाले होते, पण पहिली पत्नी हयात होती. म्हणून विवाह शून्य आणि दुसरीला पोटगी नाही. आपल्याला अंधारात ठेवले हा तिचा युक्तिवादही मान्य झाला नाही. विधी केले नाहीत म्हणून पुरुष सुटला, विधी केले तरीही सुटला. त्याच १९८८ साली संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली होती. ‘टाकलेली’ या शब्दाला मराठीत पुल्लिंगी जोड नाही, ही गोष्ट भाषेपेक्षा समाजाविषयी अधिक सांगते.

मराठवाड्यात हा पेच अधिक बिकट होतो तो पाटामुळे. विधवेने वा नवऱ्यापासून फारकत झालेल्या स्त्रीने दुसरे घर करण्याची ही रीत शेतकरी व कष्टकरी जातींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वस्तुतः १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तिला हीन मानलेले नाही. वधू वा वर यांपैकी कोणाच्याही रूढीनुसार लावलेले लग्न त्यास मान्य आहे, आणि रूढीनुसार होणारी काडीमोडही त्याने जपली आहे. परंतु ती रूढी त्या जातीत, त्या भागात अखंड चालत आली हे न्यायालयात मांडून सिद्ध करावे लागते. नोटरीचा शिक्का हा त्याचा पुरावा नव्हे. नोटरी सही कोणाची एवढेच पाहतो. मग घडते ते असे. पहिल्या नवऱ्याने कागद करून दिला, बाईने विश्वासाने पाट लावला, दहा-पंधरा वर्षे राबली, मुले वाढवली. दुसरा तिला घराबाहेर काढतो आणि न्यायालयात तोच कागद पुढे करतो: हिची काडीमोडच कायदेशीर नाही, तेव्हा ही माझी बायको नव्हेच! ज्या कागदाने ती सुटली असे सगळ्यांनी सांगितले, त्यानेच ती दोन्ही घरांतून उठते.

साखर कारखान्याला मात्र असा संशय कधी पडत नाही. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडपे. तेथे लग्नाचा दाखला कोणी मागत नाही, कारण तेथे बाईचे श्रम हवे असतात. दाखला निघतो तो ती अन्नवस्त्र मागू लागली की.

संबंध संपवायचा तर तो मुळात कोणता होता हे आधी ठरवावे लागते. विवाह वैध असेल, पाटाचा असला तरी, तर घटस्फोट न्यायालयातूनच. संमतीने हवा असेल तरी. सिद्ध करता येण्याजोगी रूढी हा एकच अपवाद, आणि तेथेही कौटुंबिक न्यायालयाकडून आपल्या वैवाहिक स्थितीची घोषणा करून घेणे शहाणपणाचे. जोडीदाराचे पहिले लग्न कायम असताना झालेला विवाह शून्यच असतो, पण तसा हुकूमनामा मागावा. कारण २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शून्य विवाहातील जोडीदारालाही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायम पोटगी मागता येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पूर्वी अशा स्त्रीला ‘अवैध पत्नी’, ‘एकनिष्ठ रखेली’ म्हटले होते. ते शब्द स्त्रीद्वेष्टे आहेत असेही या निकालात म्हटले आहे. फार उशिरा, पण म्हटले.

कोणताच विवाह झाला नसेल तर मोडायलाही काही नसते. तरीही हक्क उरतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ‘विवाहसदृश संबंधा’तील स्त्रीला निवारा व खर्च मागू देतो. दोघेही विवाहास पात्र हवेत ही २०१० च्या निकालाची अट येथे आडवी येते. मुले मात्र सुरक्षित आहेत. शून्य विवाहाची संतती औरस, आणि २०२३ च्या निकालानुसार आईबापांच्या वाट्यात तिला हिस्सा.

याच शहरातील खंडपीठातून वर गेलेल्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने, पहिले लग्न लपवणाऱ्याला आपल्याच लबाडीचा फायदा घेऊ दिला नाही आणि पत्नीची पोटगी कायम केली: महिना एक हजार रुपये, मुलीला पाचशे. पण हा आधार फसवल्या गेलेलीचा. थोरली आहे हे ठाऊक असून गरिबीपोटी धाकटी म्हणून आलेली याबाहेरच राहते. तिच्यासाठी कायदाच बदलायला हवा होता. २००३ साली मलिमथ समितीने ‘पत्नी’च्या व्याख्येत अशा स्त्रीचा समावेश सुचवला, २००८ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तसा प्रस्ताव संमत केला, तो कायदा झाला नाही. २०२३ साली संसदेने फौजदारी संहिता नव्याने लिहिली, कलम १२५ चे कलम १४४ केले, आणि व्याख्या जुनीच ठेवली. तत्काळ तलाक देणाऱ्या मुस्लिम नवऱ्यासाठी २०१९ साली तीन वर्षांची कैद लिहिणाऱ्या संसदेला नोटरीच्या कागदाने बायको टाकणारा हिंदू नवरा दिसला नाही.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांच्या हाती जे आहे ते थोडे नाही. भांडण मिटवायला बोलावणे आले आणि शेवटी सोडचिठ्ठीचा कागद पुढे आला, तर त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. अशा कागदांवर चळवळीतल्या माणसांच्याही सह्या सापडतात. पाट लागला असेल तर त्याची नोंदणी करावी. १९९८ च्या राज्य कायद्याने विवाहनोंदणीची सोय आहे. बाईजवळ शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरील बापाचे नाव, घरपट्टीची पावती, मुकादमाच्या वहीतील नोंद यांच्या प्रती असतील याची काळजी संबंध चांगले असतानाच घ्यावी. आणि प्रकरण न्यायालयात गेलेच तर उत्पन्न कितीही असो, स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. अर्ज करताना तिच्यासोबत कोणी तरी जावे.