रानाचा पत्ता पाठ करा



मागे दिवाळीच्या तोंडावर माझ्या भागातील एका वस्तीवर रात्री उसाला दारे धरताना गड्याला घोणस चावली. दवाखान्याची गाडी बोलावली. पत्ता सांगितला, "ओढ्यापलीकडे, मोठ्या चिंचेजवळ, गट नंबर अमुक." गट नंबर तलाठ्याला कळतो, परक्या चालकाला कसा कळावा? गाडी दुसऱ्याच फाट्याला गेली. गडी वाचला, पण पाऊण तास वाया गेला.

रानालाही पत्ता असतो. शाळेतला आलेख कागद आठवा. आडवी रेघ आणि उभी रेघ जिथे छेदतात, तो बिंदू एकच. पृथ्वीवरच्या अशा रेघांना अक्षांश व रेखांश म्हणतात.

मोबाईलमध्ये लोकेशन चालू करा. नकाशा उघडून आपल्या विहिरीवर बोट दाबून धरा. दोन आकडे दिसतील. उदाहरणार्थ, पुणे शहराचे १८.५२०४ आणि ७३.८५६७.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, क्रम. आधी अक्षांश, मग रेखांश. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२ आणि दुसरा ७२ ते ८० यांच्या दरम्यान सुरू होतो. उलट सांगितलात तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाईल!

दुसरी, टिंबानंतरचे चार आकडे पुरे सांगा. चार सांगितले तर जागा सुमारे ११ मीटरच्या आत सापडते. दोनच सांगितले तर चूक किलोमीटरवर जाऊ शकते.

तिसरी, एकेक आकडा सुटा सांगा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

टपाल खात्याने २०२५ साली 'डिजिपिन' आणला आहे. त्यात देशाचे सुमारे चार-चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरा-अंकांची खूण दिली आहे. तीही लिहून ठेवा.

हे आकडे मोटारीच्या पेटीवर, गोठ्याच्या भिंतीवर रंगाने लिहा. घरातल्या बायका-मुलांना वाचायला शिकवा. संकट कारभारी घरी असतानाच येते असे नाही. १०८ किंवा ११२ ला फोन केल्यावर आकड्यांबरोबर गाव, तालुका आणि फाटाही सांगा, आणि एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. पाणंदीतून गाडी येते की नाही, हे आकड्यांना ठाऊक नसते.

सातबारा जपता, तसा हा पत्ताही जपा. काम पाच मिनिटांचे आहे. आजच करा.