घरी बसून कॉलेज : फी बापाची, वेळ साऱ्या घराचा



हल्ली गावभेटीला गेलो की खता-बियाण्याच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पोरगा बारावी झाला. घरी बसूनच ऑनलाइन कॉलेज करतो म्हणतो. वेबसाइट बनवायचं शिकणार आहे. करू द्यावं का?" काही घरी हाच प्रश्न मुलीबद्दल असतो. तिथे तो जरा हळू आवाजात विचारला जातो.

माझे उत्तर असे की, शिक्षण चांगले आहे, जरूर करू द्यावे. मात्र फीचे पैसे जमवण्याआधी घराने एका गोष्टीचा विचार करावा. ती गोष्ट म्हणजे वेळ.

हे शिक्षण कशाचे?

आपण सातबारा संगणकावर पाहतो, महाडीबीटीवर अनुदानाचा अर्ज भरतो, बाजार समितीचे भाव मोबाईलवर बघतो. ही सारी पाने कोणीतरी बसून तयार केलेली असतात. त्या कामाला वेब डेव्हलपमेंट म्हणतात.

घराच्या बांधकामाशी ताडून पाहिले तर ते लवकर समजते. भिंती आणि खोल्या म्हणजे एचटीएमएल. रंगरंगोटी म्हणजे सीएसएस. बटण दाबले की दिवा लागावा, ही जोडणी जावास्क्रिप्टची. आणि तलाठ्याच्या दप्तरासारखी सारी माहिती जिथे नीट लावून ठेवलेली असते, तो डेटाबेस. जाळ्याची ही मूळ पद्धत टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात बसवली आणि १९९३ साली संस्थेने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. त्यामुळे शिकण्यासाठी लागणारी बहुतेक साधने आजही फुकट मिळतात. खर्च येतो तो संगणकाचा, इंटरनेटचा आणि कॉलेजच्या शुल्काचा.

एक नमुना पाहू

आयआयटी मद्रासने २०२० साली एक ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्याचे नाव डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स. बारावी कोणत्याही शाखेची चालते. दहावीला गणित व इंग्रजी हे विषय असावे लागतात. जेईई परीक्षेची अट नाही. आधी चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, उत्तीर्ण झाल्यावर प्रवेश. शुल्क त्या त्या सत्रात घेतलेल्या विषयांपुरतेच भरायचे असते आणि मागासवर्गीय व कमी उत्पन्नाच्या घरांना त्यात सवलत आहे. पुढे जमले नाही तर ठरावीक टप्पा पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन थांबता येते.

पालकांनी दोन बाबी आधीच समजून घ्याव्यात. पहिली, वेबसाइट बनवणे पहिल्या टप्प्यात येत नाही. सुरुवातीला गणित, सांख्यिकी, इंग्रजी आणि पायथन ही संगणकाची भाषा. वेबसाइटचे विषय व त्यांचे प्रकल्प पदविकेच्या टप्प्यावर येतात आणि केलेल्या प्रकल्पावर तोंडी परीक्षाही होते. तेव्हा "सहा महिने झाले, अजून एक पान नाही बनवलं?" असे विचारून पोराला हिणवू नये. डाळिंब लावल्यावर पहिल्याच वर्षी आपण टोपली घेऊन जात नाही.

दुसरी बाब, पाठ घरी पाहायचे असले तरी मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. त्यासाठी शहरात जाण्या-येण्याचा खर्च आणि दिवस धरून ठेवावेत.

तासांचा हिशेब

एका विषयाला आठवड्याला सुमारे दहा तास लागतात, असे संस्थाच सांगते. दोन विषय घेतले तर वीस तास झाले, म्हणजे रोजचे जवळपास तीन तास.

आता हे आपल्या पीक-हंगामाशी लावून पाहा. सत्रे वर्षात तीन असतात : जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मेच्या सत्रात खरिपाची पेरणी व कोळपणी येते. सप्टेंबरच्या सत्रात सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी. जानेवारीच्या सत्रात हरभरा व गव्हाची काढणी. शेतीला पूर्ण मोकळे असे एकही सत्र नाही. म्हणून ज्या सत्रात घरचे काम अंगावर येते, त्या सत्रात विषय कमी घ्यावेत आणि कामाचा ताण कमी असेल तेव्हा वाढवावेत. या अभ्यासक्रमात विषय कमी-जास्त घेण्याची मुभा आहे, तिचा उपयोग करावा.

माझ्या पाहण्यात असे आले आहे की, शिकणारा पोर घरात दिसला की तो रिकामा आहे असे सगळ्यांना वाटते. "जरा मोटार चालू करून ये", "दूध घालून ये", "बँकेत जाऊन ये" अशी एकेक सांगत त्याची सकाळ जाते. कॉलेजला तालुक्याला गेलेल्या मुलाला कोणी पाणी द्यायला बोलवत नाही. घरी बसून शिकणाऱ्याला मात्र दिवसातून दहा वेळा उठवले जाते.

मुलीच्या बाबतीत हे आणखी अवघड होते. तिच्या वाट्याला चूल, भांडी, लहान भावंडे आणि पाहुणे असतात. रात्री सारे आवरून ती संगणकासमोर बसते तेव्हा डोळ्यांवर झोप असते. मग दोन सत्रांत गुण घसरतात आणि घरचे म्हणतात, "तिला झेपलं नाही." बंधूंनो, उसाला पाण्याची पाळी चुकवायची आणि उतारा कमी पडला म्हणून बेण्याला दोष द्यायचा, त्यातलाच हा प्रकार. मुलीला शहरात पाठवायची घराची तयारी नसते, तिथे असे शिक्षण हीच तिची वाट असते. ती घरच्याच कामाने बंद होऊ देऊ नये.

साधने

पाठ मोबाईलवर पाहता येतात, पण लिहून करून पाहायला संगणकच हवा. ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप चांगला; जाणकाराकडून तपासून जुना घेतला तरी भागते. त्याची बॅटरी चांगली असावी, म्हणजे वीज गेली तरी तास-दोन तास काम चालते.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. त्याचे छोटे छोटे पाठ मोफत असून बरेच मराठीतही आहेत. केंद्र सरकारच्या स्वयं या २०१७ साली सुरू झालेल्या योजनेत शिकणे फुकट, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. आयआयटी मद्रासच्या अभ्यासक्रमाची व्याख्यानेही यूट्यूबवर पाहता येतात. आपण नवे वाण आधी चार ओळींत लावून पाहतो, तसे महिनाभर हे पाठ करून पाहावेत. गोडी टिकली तर शुल्क भरावे.

लेबल पाहून घ्या

बियाण्याच्या पिशवीचे लेबल आपण वाचतो आणि पक्की पावती मागतो. इथेही तेच करावे. ऑनलाइन पदवी देणाऱ्या विद्यापीठाला मान्यता आहे की नाही, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर दिसते. असे अभ्यासक्रम दुसऱ्या कोणाच्या दुकानामार्फत चालवायला आयोगाची परवानगी नाही. म्हणून शुल्क थेट संस्थेच्या संकेतस्थळावर भरावे, मध्यस्थाच्या हाती रोख रक्कम देऊ नये. "शंभर टक्के नोकरी" असे छापलेला कागद दिसला तर तो बाजूला ठेवावा. पदवी झाली म्हणजे नोकरी ठरलेली, असे कोणी सांगू शकत नाही. आता तर संगणकही सांगितल्यावर बरेचसे काम लिहून देतो. ते बरोबर आहे की चूक, हे ज्याला कळते त्यालाच पुढे काम मिळेल, आणि ते कळायला सरावाचे तासच लागतात.

तेव्हा प्रवेश घ्यायच्या आधी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे, आजी-आजोबांनीही. अभ्यासाचे तास कोणते आणि त्या तासांत त्याचे किंवा तिचे काम कोण करणार, हे ठरवून कागदावर लिहावे आणि तो कागद दिनदर्शिकेशेजारी लावावा. धार कोण काढणार, मोटार कोण पाहणार, भाकरी कोण थापणार, अशी नावे त्यावर असू द्यावीत. ती नावे लिहून झाली की मगच शुल्क भरावे.