बाईंचं समर बजेट

‘सुट्टीत कुठे? मनाली की थायलंड?’ ऑफिसात हा प्रश्न मार्चपासूनच सुरू होतो. हप्त्यांची आठवण येते ती जूनमध्ये! आमच्या कोल्हापुरातल्या शेजारच्या बाईंचं गणित वेगळं आहे. त्या प्राथमिक शाळेत शिक्षण सेवक. पहिली तीन वर्षं फक्त मानधन. २०२३ मध्ये ते वाढून महिना १६,००० रुपये झालं. त्यातच खोलीभाडं, गॅस आणि गावाकडे पाठवायचे पैसे.

तरी पेपर तपासून झाले, की बाईंचा प्लॅन रेडी. आधी वर्षाची चटणी. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची उन्हात वाळवायची, मसाला भाजायचा, कांडून आणायचं. बरणी भरली, की वर्षभर विकतची पाकिटं बंद. मग आईला घेऊन लालपरीनं पन्हाळा. अंतर २० किलोमीटर, आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना तिकीट निम्मं. तीन दरवाजा, सज्जा कोठी, झाडाखाली घरचा डबा. वाचलेल्या पैशांतून आईचा नवा चष्मा.

याला कंजूषी म्हणायचं? छे! बाईंच्या वहीत आधी कारण लिहिलेलं असतं, मग आकडा. यंदा कार्ड स्वाइप करण्याआधी तुम्हीही तसं लिहून बघा. जमतंय का?