दात चांगला होता, हाड उरले नव्हते

गेल्या वर्षी अम्मीचे पुढचे दोन दात काढावे लागले. त्यांना कीड नव्हती. डॉक्टर म्हणाले, "दात चांगले आहेत, त्यांना धरणारे हाडच उरलेले नाही."

अम्मीच्या हिरड्यांतून कित्येक वर्षे रक्त येत होते. घरात सगळ्यांना ते माहीत होते. 'उष्णता झाली असेल' म्हणून आम्ही विषय सोडून द्यायचो. रक्त येते म्हणून ती त्या बाजूला ब्रश लावायची नाही आणि ठणकले की मिश्री चोळायची. आम्ही शिकलेली पोरे समोर बसून चहा प्यायचो. म्हणून ही तक्रार आधी माझ्याविरुद्ध आहे.

हा आजार गुपचूप वाढतो. दातांवर जंतूंचा चिकट थर जमतो. तो रोज निघाला नाही तर टणक होतो, मग तो ब्रशने निघत नाही. हिरडी लाल होते, सुजते, रक्त येते. इथे उपचार केले तर हिरडी पूर्ण बरी होते. दुर्लक्ष केले तर आजार खाली उतरतो आणि हाड झिजते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. म्हणजे रक्त आले की ब्रश थांबवायचा नसतो. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, तीच जागा नीट साफ करायची असते.

साखरेचा आजार असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. आपल्या किती घरांत अब्बूंची साखर तपासली जाते, पण त्यांचे तोंड कुणी पाहत नाही?

तंबाखूबद्दल तर आपण बोलतच नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून त्याला सगळे ठीक वाटते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दंतमंजन नव्हे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मोहल्ल्याच्या टपरीवर पुडी कशी मिळते, हे आपण विचारत नाही. वुजू करताना दिवसातून पाच वेळा चूळ भरणारे, मिसवाकला सुन्नत मानणारे आपण. एका खिशात मिसवाक आणि दुसऱ्या खिशात पुडी, हे कसे चालते? मिसवाक जरूर करा, पण दोन दातांच्या फटीत ती पोहोचत नाही. तिथे धागा किंवा बारीक ब्रश लागतो.

'दात साफ करून घेतले की हलायला लागतात' हा समज सोडा. दात आधीच हललेले असतात, जमलेल्या दगडाने ते धरून ठेवलेले असतात. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे खर्च बराच कमी येतो.

आज रात्री जेवणानंतर घरात एकच प्रश्न विचारा: ब्रश करताना कुणाला रक्त येते? लाजत का होईना, कुणीतरी हो म्हणेल. त्यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा. मी हा प्रश्न फार उशिरा विचारला.