दात दाखवून अवलक्षण

हात दाखवून अवलक्षण, अशी आपल्यात म्हण आहे. गेल्या महिन्यात आम्ही मात्र दात दाखवून अवलक्षण ओढवून घेतले. दाढ ठणकू लागली म्हणून दादरास आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दंतचिकित्सालयात गेलो होतो. आमचे कुटुंबही बरोबर होते. त्याने आमच्या मुखात दिवा धरला आणि मोठ्या आदराने विचारले, ‘सर, सुपारी अजून चालू आहे वाटते?’ सुपारी सोडल्याला तीन वर्षे झाली, असे आम्ही घरात सर्वांस सांगितले होते. गिरगावातील ग्रंथालयाकडे आमचे पाय रोज नेमाने का वळतात, ते त्या क्षणी उघडकीस आले. असो.

हाच विद्यार्थी आठवीत असतानाचा एक प्रसंग आमच्या मनात सलत आहे. आम्ही संस्कृताचे शिक्षक. परंतु विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास आमच्या वाट्यास येई. अश्वाच्या उत्क्रांतीचा धडा आम्ही विशेष रंगवून शिकवीत असू. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा आद्य अश्व जेमतेम कोल्ह्याएवढा; त्याचे दात बुटके, आहार रानातील कोवळा पाला व फळे. पुढे अरण्ये विरळ झाली, कुरणे पसरली. गवतात वाळूच्या जातीचे सिलिकाचे कण असतात, त्यांनी दात झिजतात. म्हणून अश्वाचे दात उंच झाले. तेव्हा उंच दात म्हणजे गवत आणि बुटका दात म्हणजे पाला, असा आमचा सिद्धांत! ‘घस्’ म्हणजे खाणे, त्यावरून संस्कृतात ‘घास’ म्हणजे चारा, आणि मराठीत तो आपल्याच ताटात येऊन बसला, ही पुस्तीही आम्ही जोडीत असू.

त्यावर हा मुलगा उठून म्हणाला, ‘पण सर, चौपाटीवरच्या व्हिक्टोरियाचा घोडा तोबऱ्यातून चणे खातो. उद्या त्याचे दात कोणाला सापडले, तर तो गवतच खात होता असे म्हणतील का?’ वर्ग हसला. आम्ही त्यास खाली बसविले.

त्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाच्या २०१५ सालच्या निकालानंतर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. मुलाचा प्रश्न मात्र राहिला. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हा कळले की विद्वानांसही तोच प्रश्न पडला होता. त्यांनी दाताच्या आकाराखेरीज आणखी दोन साक्षी काढल्या. पहिली साक्ष ओरखड्यांची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता गवत खाणाऱ्याच्या दातावर बारीक रेघा अधिक दिसतात, तर पाला व फळे खाणाऱ्याच्या दातावर खळगे अधिक. या खुणा काही दिवसांतच पुसून नव्या उमटतात. म्हणून त्या त्या जीवाच्या अखेरच्या दिवसांतील आहार सांगतात. दुसरी साक्ष कार्बनची. दूर्वा, ज्वारी, ऊस अशा उष्ण प्रदेशांतील गवतांत जड कार्बनचे प्रमाण वृक्षांच्या पाल्याहून थोडे अधिक असते. दात घडत असता जे खाल्ले, त्याचा हा ठसा दंतवल्कात लक्षावधी वर्षे टिकतो.

अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतातील सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या सहा अश्वजातींच्या दातांची अशी तपासणी झाली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. सहाही जातींचे दात उंच. आमच्या हिशेबाने सहाही गवतखाऊ ठरावयास हव्या होत्या. परंतु काही जाती गवत खात, काही गवत व पाला दोन्ही, तर काही बहुधा पाल्यावरच राहत, असे आढळले.

आमच्या सिद्धांताचा उरलेला पाया आपल्या महाराष्ट्रातच खचला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूस पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे सापडलेल्या, साडेसहा कोटी वर्षांहूनही जुन्या डायनोसोरांच्या अश्मीभूत विष्ठेत वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांस गवताचे सिलिकाकण आढळले. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे अश्व जन्मास येण्यापूर्वीच विदर्भात गवत होते, आणि ते खाणारेही होते! केवळ गवत आले म्हणून दात उंच झाले, असे सरळ सूत्र आता मांडता येत नाही. उघड्या माळावरील धूळमातीही दात झिजविते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

दाताचा आकार वाडवडिलांकडून येतो. त्यावरील ओरखडा ज्याचा त्यानेच उमटविलेला असतो. कोणाचे कूळ ऐकून त्याच्या वर्तनाचा निवाडा करण्याची खोड आपल्या घरोघरी आहे. आम्ही वर्गात घोड्यांच्या बाबतीत तेच करीत होतो, आणि ज्याने शंका घेतली त्याला खाली बसवीत होतो.

दुसऱ्या खेपेस दाढ भरून झाल्यावर आम्ही विद्यार्थ्यास तो तास आठवतो का, असे विचारले आणि प्रश्न त्याचाच बरोबर होता हे सांगितले. तो क्षणभर स्तब्ध राहिला. मग हात धुता धुता म्हणाला, ‘सर, त्या दिवसापासून कोणी आपल्या दातांविषयी काहीही सांगितले, तरी मी आधी दात पाहतो.’

आमचे कुटुंब जवळच बसले होते. त्यांनी यावर मान डोलविली.