दोन टेबले, एक सर्जन

मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा दहा-पंधरा मिनिटांच्या शस्त्रक्रियेने परत मिळते. मग खेड्यापाड्यांतील हजारो माणसे अंधारात का चाचपडत राहतात? डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींना हा प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हता. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली त्यांनी मदुराईत ११ खाटांचे ‘अरविंद’ नेत्र रुग्णालय काढले. तरुणपणीच संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. तरी त्याच बोटांनी त्यांनी हजारो डोळे उघडले.

मॅकडोनाल्डच्या उपाहारगृहांचे त्यांना मोठे कौतुक. कुठेही जा, तीच पद्धत, तीच चव! डोळ्यांच्या दवाखान्यात बर्गरवाल्याचे उदाहरण म्हटल्यावर कोणालाही हसू येईल. पण डॉक्टरांचा हिशेब सरळ होता. सर्वांत दुर्मीळ काय, तर सर्जनचा वेळ. तो इतर कामांत का दवडायचा?

म्हणून शस्त्रक्रियागृहात सर्जनच्या दोन बाजूंना दोन टेबले. एकावर शस्त्रक्रिया चालू असते, तोवर दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. एक डोळा झाला की सूक्ष्मदर्शक दुसरीकडे वळवायचा, सर्जनही वळणार. नजर तपासणे, डोळ्याची मापे घेणे, रुग्णाला धीर देऊन सगळे समजावणे ही कामे परिचारिकांची. या मुली बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या. त्यांना रुग्णालयातच दोन वर्षे शिकवतात. एकाच खोलीत दोन रुग्ण ही गोष्ट अनेक देशांतील रुग्णालयांत चालत नाही. अर्थात स्वच्छतेत कसूर झाली, तर या वेगाला काहीच किंमत उरणार नाही.

एवढे करूनही फुकटची शस्त्रक्रिया घ्यायला गरीब माणूस येईना. कसा येणार? बसभाडे, बुडणारी मजुरी, सोबतीचा माणूस, परगावी जेवायचे काय? मग गावोगाव शिबिरे घेऊन रुग्णांना बसने आणणे, जेवू घालणे आणि परत पोचवणे हेही रुग्णालयाने अंगावर घेतले.

अडसर उरला कृत्रिम भिंगाचा. परदेशी भिंग गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ स्थापून संस्थेने भिंगे स्वतःच बनवायला घेतली, आणि किंमत कित्येक पटींनी उतरली.

पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून बाकीच्यांचा खर्च निघतो. त्यांना खोली आणि खाट. न देणाऱ्यांना मोठ्या दालनात चटई. सर्जन मात्र पाळीपाळीने दोन्हीकडे जातात.