दोष शोधण्याची मजुरी

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडून गेलेला असतो. रात्रभर उघड्यावर भिजलेली, वीस वर्षांची मोटरसायकल सकाळी सेल्फचं बटण दाबल्यावर एकदाच ‘टक्’ करते आणि गप्प होते. डबा हँडलला अडकवलेला, कामावर जायची वेळ झालेली. शेजारी खिडकीतूनच सांगतो, ‘बॅटरी गेली.’ कोपऱ्यावरचा गॅरेजवालाही तेच म्हणतो. संध्याकाळी नवी बॅटरी बसते, गाडी पहिल्याच दाबाला सुरू होते, सगळे निश्चिंत.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा ‘टक्’. आता रिले बदलला जातो. मग सेल्फच्या मोटरचे कार्बन, मग अख्खी मोटर. शेवटी कुणीतरी सीट काढून बॅटरीपासून इंजिनकडे जाणाऱ्या जाड अर्थच्या वायरचा माग काढतं, तिच्या टोकाचा बोल्ट सोडवतं, खालचा गंज पॉलिश पेपरने घासून जागा चकचकीत करतं आणि बोल्ट पुन्हा आवळतं. गाडी सुरू! पहिल्या सकाळीच त्या बोल्टला पाना लागला असता, तर एकही पार्ट विकत घ्यावा लागला नसता.

कोकणातल्या खाऱ्या हवेत असो की पुण्याच्या सोसायटीत, दर पावसाळ्यात हे घडतं. त्यात कुणी लबाडच असतं असं नाही. दोष सापडण्याआधी पार्ट बदलायचा, ही सवय अंगवळणी पडली आहे आणि ती लावण्यात गिऱ्हाइकाचा वाटा गॅरेजवाल्याइतकाच आहे. पार्टचे हजार रुपये गिऱ्हाईक मुकाट्याने देतं. पण अर्धा तास खपून नुसता बोल्ट साफ करणाऱ्याने दोनशे मागितले, तर ‘एवढ्याशा कामाचे?’ असं विचारतं.

मग नवी बॅटरी बसवल्यावर गाडी सुरू का झाली? लाइनच्या शेवटच्या खांबावरून शेतपंप चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. घरातला दिवा लागलेला असतो, पण पंप चालू केला की दिवा मंदावतो आणि मोटर नुसती घुमते, पाणी उचलत नाही. वीज असते, पण भार पडला की वाटेतच खर्ची पडते. मोटरसायकलचंही तसंच. सेल्फ फिरवताना समजा ५० अँपिअरचा प्रवाह लागतो आणि गंजलेल्या बोल्टखाली फक्त ०.०४ ओहमचा अडथळा आहे. दोन्हींचा गुणाकार २ व्होल्ट. बाराच्या बॅटरीतले दोन व्होल्ट एका बोल्टने खाल्ले. नवी, ताजी बॅटरी तेवढा तोटा काही दिवस सोसते. तिची पहिली धमक ओसरली आणि गंज आणखी वाढला, की ‘टक्’ परत येतं.

साध्या मल्टिमीटरवर ०.०४ ओहम दिसत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. वायरचे सगळे तंतू तुटून एकच उरला असेल, तरी मीटर आनंदाने ‘बीप’ देतो. म्हणून जाणकार वायरमन ओहम मोजत बसत नाही, भाराखाली व्होल्ट मोजतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मग सेल्फ दाबायचा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ ठीक. अर्धा, एक, दोन व्होल्ट दिसले, तर चोर त्याच वाटेवर आहे. प्लसच्या बाजूलाही हेच करायचं. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या मोटरपर्यंत. काही शे रुपयांचं उपकरण आणि दहा मिनिटं!

बॅटरीची परीक्षाही अशीच, भार टाकून. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी निवांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते. पण हा आकडा पाहून तिला पास करणं घाईचं. सेल्फ दाबल्यावर ती दहाच्या खाली कोसळत असेल, तर ती खरंच थकली आहे किंवा नीट चार्ज झालेली नाही. म्हणून ती आधी बाहेर चार्ज करून पुन्हा तपासावी आणि गाडी सुरू झाल्यावर, रेस दिल्यावर, तिच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट येतात का, हे बघावं. येत नसतील तर दोष चार्जिंगचा. अशा गाडीत कितीही बॅटऱ्या बदलल्या, तरी प्रत्येक बॅटरी महिन्या-दोन महिन्यांत तशीच उतरणार.

मीटर हाताशी नसला तरी गाडी बरंच सांगते. इंजिन बंद असताना हेडलाइट लागत असेल, तर तो लावून सेल्फ दाबावा. दिवा पार विझला तर बॅटरी किंवा तिच्या टोकांची जोडणी. दिवा तसाच झळझळीत राहिला आणि ‘टक्’ झालं, तर रिलेचे आतले संपर्क, मोटरचे कार्बन किंवा इंजिनची अर्थ. ‘टक्’ही झालं नाही, तर फ्यूज, बटण, क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच.

आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, ही तक्रार पूर्णपणे निराळी. तिथे पेट्रोल येतं आहे ना हे पाहून ठिणगीच्या मागे लागायचं, सेल्फच्या नाही. या दोन तक्रारींची गल्लत हेच फुकट खर्चाचं सर्वांत मोठं कारण असावं.

जुनी, पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या संपर्कांची) बुलेट या बाबतीत फार बोलकी होती. हेडलाइटच्या वर अँपिअर मीटरचा काटा असे. किल्ली फिरवून किक हळूहळू खाली दाबली, की पॉइंट मिटलेले असताना काटा मायनसकडे झुकायचा आणि उघडले की मध्यावर यायचा. त्या काट्यावर नजर ठेवून, डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून, मग खरी किक मारायची. काटा हललाच नाही, तर प्रवाह पॉइंटपर्यंत पोचत नाही. काटा मायनसलाच अडकून बसला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वायर कुठेतरी अर्थ झाली आहे. पॉइंट उघडताना तिथेच मोठी निळी ठिणगी पडत असेल, तर कंडेन्सर बघायचा. पॉइंटमधली फट साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर, ती फीलर गेजच्या पात्याने मोजायची. निदान करायचं यंत्र गाडीवरच बसवलेलं होतं.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. पॉइंट जाऊन सीडीआय हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. या गाड्यांची ठिणगी मॅग्नेटोतल्या कॉइलवर चालते, बॅटरी मेली तरी किकवर सुरू होतात. असं असूनही ‘सुरू होत नाही’ म्हटल्यावर अशा गाड्यांच्याही बॅटऱ्या बदलल्या जातात, हे बघून खरोखर वाईट वाटतं. होंडाच्या या पद्धतीत किल्ली बंद केली, की काळी-पांढरी वायर अर्थला जोडली जाते आणि ठिणगी मरते. किल्लीचा स्विच पावसाने ओलावला किंवा आतून झिजला, की किल्ली चालू असतानाही हेच होतं. ती वायर कपलरमधून क्षणभर सोडवून किक मारली आणि ठिणगी आली, तर दोष सापडला. फक्त त्या वेळी गाडी किल्लीने बंद होणार नाही, हे लक्षात ठेवायचं. प्लग तपासताना त्याचा धातू इंजिनला घट्ट टेकवलेला हवा आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नको.

२००१ साली पल्सर आली आणि पुढच्या काही वर्षांत बटणस्टार्ट घराघरांत पोचला. आज सर्वांत जास्त चुकीचे पार्ट बहुधा याच काळातल्या गाड्यांना बसतात. त्यांच्याकडे बुलेटसारखा काटा नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झालं आणि नव्या दुचाकी स्वतःचे काही दोष ओळखून दिवा लावू लागल्या. ती सोयही यांच्याकडे नाही. मधली ही सगळी पिढी मुकी आहे. तिला मीटर घेऊन विचारावंच लागतं.

या गाड्या हौसेने जपलेल्या नसतात. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून, पुढच्या पाच वर्षांची मुदत मिळवून त्या दूध घालतात, पेपर टाकतात, गवंड्याला साइटवर नेतात. त्यांच्या मालकाला एका अनावश्यक बॅटरीचा भुर्दंड म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी. शिवाय काढून टाकलेल्या प्रत्येक बॅटरीत शिसं आणि आम्ल असतं. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, ते योग्यच. पण चांगली बॅटरी मुळात भंगारात जाऊ न देणं जास्त शहाणपणाचं.

गॅरेजवाल्याची बाजूही ऐकायला हवी. शोधायला लागलेल्या तासाचे पैसे मिळणार नसतील, तर तो पार्टवरच्या सवलतीवर पोट भरणार. पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीचा कुठलाही पार्ट दहा मिनिटांत हातात पडतो. विचार करत बसण्यापेक्षा पोऱ्याला तिकडे पिटाळणं स्वस्त पडतं. यावर उपाय गिऱ्हाइकाच्याच हातात आहे. गाडी लावतानाच ‘आधी तपासा, तपासणीचे वेगळे घ्या, पार्ट मला विचारून बदला’ असं स्पष्ट सांगावं आणि दोष एका बोल्टचा निघाला, तरी ठरलेले पैसे हसत द्यावेत. गॅरेजांनी दरफलकावर वॉशिंग आणि ऑइल बदलीच्या शेजारी ‘वायरिंग तपासणी’ लिहावं. कंपन्यांनी जुन्या मॉडेलांचे वायरिंगचे नकाशे मराठीत छापून छोट्या गॅरेजांपर्यंत पोचवावेत. आयटीआयच्या पोरांकडून बॅटरी बदलून घेण्याआधी भाराखालचे व्होल्ट शंभरदा मोजून घ्यावेत.

आणि बिलाच्या मागे तीन आकडे लिहून मागावेत: बॅटरी निवांत असताना १२.६, सेल्फ दाबल्यावर १०.४, अर्थवरचा तोटा ०.१. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवता येतो. पुढच्या जूनमध्ये ‘टक्’ झालंच, तर आधी तोच कागद काढून मीटर लावायचा आणि तीनपैकी कुठला आकडा हलला आहे ते बघायचं.